शांत दूध

सत्याचा शोध घेण्यासाठी माणसाने हजारो वर्षे तप केले, तर्क लढवले, दुर्बिणी आकाशाकडे रोखल्या. पण सत्य स्वतःहून चालत माणसाच्या दारात आले ते २०३८ साली, कोल्हापूरकडच्या खुपिरवाडी गावात, आणि तेही म्हशीच्या सडातून. आल्याबरोबर गावातल्या निम्म्या घरांनी ते परत पाठवता येईल का, याची चौकशी केली.

झाले असे की, शहरात टाकीतले दूध आले. मोठाल्या पोलादी टाक्यांत यीस्ट पोसायचे, त्याच्याकडून दुधातली प्रथिने करून घ्यायची, वरून स्निग्धांश मिसळायचा आणि पिशवीत भरायचे. त्याला गाय लागत नव्हती, म्हैस लागत नव्हती, वैरण तर नाहीच. चवीत फरक कळेना, भाव निम्मा. दोन वर्षांत जिल्ह्यातल्या निम्म्या दावणी रिकाम्या झाल्या. उरलेल्यांनी विचार केला, की टाकीला जमत नाही असे आपल्याकडे काय आहे? शोधाशोध झाल्यावर उत्तर मिळाले : टाकीला आई होता येत नाही.

मग शास्त्रज्ञांनी ते मोजायचे यंत्र काढले.

त्यामागचे शास्त्र सोपे आहे. म्हैस घाबरली, चिडली किंवा तिचा अपमान झाला, की तिच्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचा स्राव रक्तात सोडतात. रक्तातून तो दुधात उतरतो. म्हणजे चरवीत पडणारे दूध हे गेल्या काही तासांत गोठ्यात काय घडले याचे बयानच असते. उलट म्हैस निवांत असली, की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन सुटते, कासेतल्या बारीक पिशव्या आवळल्या जातात आणि दूध सडात उतरते. यालाच आपण पान्हा म्हणतो. धार काढायला यंत्राच्या नळ्या लावा नाहीतर हाताने काढा, पान्हा म्हशीनेच सोडायचा असतो. त्या बाबतीत ती कुणाच्या बापाचे ऐकत नाही.

शहरातल्या मोठ्या रुग्णालयांना असे कमी ताणाचे दूध हवे होते : दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांसाठी, झोप उडालेल्या रुग्णांसाठी. त्याचा उपयोग किती होतो यावर डॉक्टरांत वाद होता, पण मागणी होती. त्याला नाव पडले 'शांत दूध'. ज्या गोठ्याला 'शांत गोठा' असे प्रमाणपत्र मिळेल त्याचेच दूध संस्था यापुढे उचलणार होती. बाकीच्यांनी म्हशी विकाव्यात आणि टाकीतल्या दुधाचा चहा प्यावा.

म्हणून खुपिरवाडीच्या दूध संस्थेत फॅट मोजायच्या यंत्राशेजारी ताणमापक बसला. किटली ठेवली, की त्याची सुई दूध चाखायची आणि वरच्या फलकावर मालकाच्या नावापुढे दिवा लागायचा. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे धुसफुस, लाल म्हणजे बोलायलाच नको. गावाने त्याचे बारसे पहिल्याच दिवशी केले : चुगलखोर.

चुगलखोराने गाव बदलले. गोठ्यात कुणी आवाज चढवेना. "भांडायचं असंल तर उसात चला," असे नवरे बायकांना सांगू लागले, आणि उसातून भांडून परतलेली जोडपी गोठ्याच्या दारात चेहरे सारखे करू लागली. स्थळ बघायला आलेली मंडळी आधी संस्थेत जाऊन फलक वाचत. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जवळजवळ सगळ्या गावाचे दूध आठवडाभर लाल झाले होते आणि ते नासले नाही एवढेच.

या सगळ्या गोंधळात एकच नाव रोज सकाळ-संध्याकाळ हिरवे असे : धैर्यशील दत्ताजीराव चौगले.

धैर्यशीलराव शेतकी पदवीधर. वय पन्नाशीला टेकलेले, पोटही. आजोबांनी दोन म्हशींवर सुरू केलेला गोठा वडिलांनी वाढवला आणि धैर्यशीलने त्यावर भाषणे द्यायला सुरुवात केली. गोठ्यात त्याने चार कोपऱ्यांत ध्वनिक्षेपक बसवून बासरी लावली होती. सकाळी एक राग, संध्याकाळी दुसरा. 'म्हैस आणि स्वरसंस्कार' या विषयावर त्याचे आकाशवाणीवर व्याख्यान झाले होते. हिरव्या दिव्याचे कारण विचारले, की तो डोळे मिटून म्हणे, "व्यवस्थापन."

म्हशींची धार त्याची बायको रोहिणी काढत असे. पण व्यवस्थापनाच्या चर्चेत हा तपशील येत नसे.

*

शांत गोठ्याच्या प्रमाणपत्रासाठी गोठ्याच्या भविष्याचा आराखडा लागत होता. धैर्यशीलला आराखडे आवडत. त्याने एका रविवारी घराच्या पुढच्या सोप्यात पडदा लावला, संस्थेचे सेक्रेटरी सुभाना तोडकर यांना मानाने बोलावले, आणि 'चौगले दुग्धालय : पुढील पंचवीस वर्षे' हे चित्रांसह सादर केले.

पडद्यावर आधी म्हशी आल्या. प्रत्येकीचा फोटो, नाव, वेत, स्वभाव. चंद्री : लाजाळू. बिजली : चपळ. सरकार : हलवल्याशिवाय हलत नाही. मग वैरण चिरायची कडबाकुट्टी आली, तिची अश्वशक्ती आली. शेणावरचा वीजसंच आला. मग आले मनुष्यबळ. संचालक : धैर्यशील. मार्गदर्शक : दत्ताजीराव. आणि त्याखाली एकच शब्द : इतर.

दत्ताजीराव म्हणजे धैर्यशीलचे वडील, आबा. आबांचे गुडघे गेल्यापासून ते गोठ्याकडे फिरकत नसत. सोप्यातल्या आरामखुर्चीतून कारभार बघत. त्यांनी मान पुढे काढून पडद्याकडे पाहिले.

"हे इतर म्हंजे कोण रं?"

"इतर म्हणजे आपली नेहमीची मंडळी, आबा. सगळ्यांची नावं घालत बसलं तर पडदा पुरायचा नाही."

सोप्यात आबा, तोडकर आणि चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली रोहिणी एवढेच होते. नेहमीच्या मंडळींपैकी जे कोण होते ते ट्रे घेऊन उभे होते.

रोहिणीने पडद्याकडे पाहिले. तिथे कडबाकुट्टीचा फोटो अजून कोपऱ्यात होता. मग ती तोडकरांकडे वळली आणि म्हणाली, "साखर बरोबर आहे ना भाऊजी?"

"फस्कलास, वैनी," तोडकर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढून, किटल्या भरून, आबांच्या गोळ्या काढून ठेवून रोहिणी माहेरी गडहिंग्लजला गेली. तिच्या भाच्याचे बारसे होते. "आठ दिवसांत येते," म्हणाली. म्हणताना ती धैर्यशीलकडे बघत नव्हती, सरकारकडे बघत होती. आपण बायकोला मोकळीक देतो, असे वाटून धैर्यशील खूश झाला आणि त्याने संध्याकाळचा राग लावला.

*

त्या संध्याकाळी चंद्रीने थोडे दूध दिले, बिजलीने लाथ दिली आणि सरकारने काहीच दिले नाही.

"सरक! सरक म्हणतो ना! पाय! पाय मागं घे! आता गप्प उभी राहा, मला कामं आहेत दुसरी!" धैर्यशील बोलत होता. बासरी चालू होती. हात तेलकट झाले तेव्हा त्याने खुंटीवर लोंबणारा एक जुना चौकड्यांचा शर्ट ओढून त्याला पुसले. शर्ट त्याचाच होता, कधीकाळी त्याने टाकून दिलेला. असल्या चिंध्या इथे कोण ठेवते, असे त्याच्या मनात आले. तेव्हा इतकेच.

संस्थेत किटली ठेवली. सुई दुधात गेली. फलकावर चौगले नावापुढे दिवा लागला तेव्हा रांगेतल्या माना वर झाल्या.

लाल.

तोडकरांनी यंत्राला एक चापट मारून पाहिली. तरी लाल.

"पेंड बदललीय," धैर्यशील म्हणाला.

"पेंडीनं फॅट हुतंय, धैर्यशीलराव," मागचा रंगराव म्हणाला. "लाल व्हायला माणूस लागतंय."

"वैनी दिसल्या न्हाईत आज," तिसऱ्याने अगदी सहज विचारले. "बऱ्या हायत न्हवं?"

"बारशाला गेलीय."

"असं व्हय. बारशाला." रंगराव फलकाकडे बघत म्हणाला. "दूध म्हंतंय येगळंच."

गावात यापूर्वी कुणाचे लाल दूध बघून धैर्यशील काय म्हणाला होता ते रांगेतल्या सगळ्यांना पाठ होते. "घर सांभाळता येत नाही, ते गोठा काय सांभाळणार?" हे वाक्य त्याने जाहीर सभेत म्हटले होते आणि त्याला टाळ्या पडल्या होत्या. आता त्याच्यासमोर ते कुणी म्हटले नाही. गावात मुरलेली ही माणसे, टोमणा कधी मारू नये हे त्यांना बरोबर कळते. ती नुसती सरकून त्याला वाट देत होती, मयताच्या घरातल्या माणसाला देतात तशी.

घरापर्यंतच्या रस्त्यात त्याला भेटलेल्या प्रत्येकाने "काय, बारसं का?" असे विचारले.

आठ दिवस झाले. बारसे झाले. रोहिणी आली नाही. दिवा रोज लाल. धैर्यशीलने राग बदलले, पेंड परत आधीची केली, गोठ्यात धूप जाळला. सरकार त्याच्याकडे न बघता रवंथ करत राहिली. आठवड्यावर तपासणी आली होती. शांत-दूध मंडळाच्या डॉ. मृणालिनी सबनीस स्वतः येणार होत्या. त्या दिवशी हिरवा दिवा लागला नाही, तर प्रमाणपत्र नाही. प्रमाणपत्र नाही तर चौगल्यांच्या दावणीला म्हैस नाही. पंचवीस वर्षांचा आराखडा आठवड्यात संपणार होता.

*

"तुझ्या आज्ज्यानं केलं त्ये कर," आबा म्हणाले.

"काय केलं आजोबांनी?"

"तुला ठावं न्हाई? सगळ्या गावाला ठावं हाय." आबा खुर्चीत सरसावून बसले. "आई माज्या धाकट्या बहिणीच्या येळंला बाळंतपणासाठी माहेरला गेली. म्हस बाईमाणसाच्या हाताला सरावलेली. आज्जा जवळ गेला की पान्हा चोरायची. मग आज्ज्यानं काय केलं? आईचं लुगडं नेसलं, डोईवर पदर घेतला, आन् बसला धारंला. म्हशीनं वळून बघितलं, हुंगलं, आन् चरवी भरली. गावानं म्हाताऱ्याला वरीसभर आईच्याच नावानं, 'गोदाक्का' म्हणून हाक मारली. पर दूध दिलं म्हशीनं."

"आबा, मी शेतकी पदवीधर आहे."

"मग पदवी नेसून बस."

धैर्यशीलने दोन दिवस आपला मान राखला. तिसऱ्या दिवशी त्याने रोहिणीचे कपाट उघडले आणि त्याच्यासमोर बऱ्याच साड्या आल्या, ज्यांतली एकही त्याला ओळखू येईना. रोज सकाळी ही बाई काय नेसते? त्याने आठवायचा प्रयत्न केला. त्याला चंद्रीच्या कपाळावरचा पांढरा ठिपका आठवला. कडबाकुट्टीचा रंग आठवला. शेवटी मेव्हण्याच्या लग्नातली एक हिरवी इरकली आठवली, कारण तिच्यावर आमटी सांडून त्यानेच आरडाओरडा केला होता. त्याने ती घेतली.

निऱ्या त्याला जमेनात. आबांनी खुर्चीत बसल्या बसल्या घालून दिल्या, आणि घालताना ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

"गोदाक्काचा नातू शोभतोस खरा."

अंगणातून गोठ्यापर्यंतचे अंतर धैर्यशीलने आयुष्यात एवढ्या वेगाने कधी कापले नव्हते. तरी कुंपणापलीकडून रंगरावच्या सुनेने पाहिलेच. तिने पदर तोंडाला लावला आणि ती आत पळाली. हसायला नव्हे, सांगायला.

साडी नेसून तो सरकारच्या पुढ्यात बसला. "हं. आता सोड. सोड लवकर. नेसलोय ना तुझ्यासाठी? आणखी काय करू? पाय! पाय!"

त्या सकाळी दिवा पिवळा लागला.

"साडी बायकुची नेसलास," आबा म्हणाले, "पर त्वांड कुणाचं घेऊन गेल्तास?"

*

त्याने रोहिणीला फोन लावला. लावण्याआधी दोनदा खोकून आवाज तयार केला.

"बोला," ती म्हणाली. मागे लहान बाळ रडत होते.

"बरी आहेस ना?"

"आहे."

"मी काय म्हणतो… तू धार काढताना म्हशींशी काही बोलतेस का?"



"का? आराखड्यात घालायचंय?"

"तसं नाही गं. सहज."

"तुम्ही सहज काही विचारत नाही. दिवा लाल लागतोय. इथपर्यंत कळलंय."

धैर्यशीलने फोन दुसऱ्या कानाला लावला. "मग सांग ना. काय बोलतेस?"

"काय बोलणार? घरातलं. भाजी काय केली, आबांना रात्री झोप लागली का, मला काय वाटतं. जे तुम्हाला सांगायला जाते तेच."

"मला कुठं सांगतेस?"

"सांगायला जाते म्हटलं मी."

धैर्यशील पुन्हा खोकला.

"बरं, एक सांगा," रोहिणी म्हणाली. "बाळाचं नाव काय ठेवलं?"

"कुठल्या बाळाचं?"

"हे रडतंय त्याचं. नाव मीच सुचवलं होतं. जायच्या आधी तुम्हाला दोनदा सांगितलं. सरकारला एकदाच."

"रोहिणी, मी जरा कामात—"

"हो. कामातच होता दोन्ही वेळा."

"येणार कधी तू?"

"माझ्यावाचून तुमचं अडलंय, का इतरांवाचून?"

आणि तिने फोन ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो पुन्हा हिरवी इरकली नेसून गोठ्यात गेला. बासरी लावायला हात गेला, पण त्याने ती लावली नाही. सरकारपाशी बसला. आता काय बोलायचे? त्याला येत होती ती भाषणे. 'आपण सर्वांनी मिळून' एवढे मनात येताच सरकारने शेपटी त्याच्या तोंडावर मारली.

शेवटी अगदी हळू, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्याने विचारले :

"बाळाचं नाव काय ठेवलं गं?"

सरकारने कान हलवला.

"मला दोनदा सांगितलं होतं म्हणे," तो म्हणाला. "नसेल ऐकलं. मी ऐकत नाही. लोकांना वाटतं मी विचार करतोय. मी नुसता माझी पाळी कधी येते ते बघत असतो." त्याने कासेला हात लावला. म्हैस हलली नाही. "आणि ते इतर. सगळ्यांना वाटलं मी विसरलो. विसरलो असतो तर बरं झालं असतं. मी आधी रोहिणी असंच लिहिलं होतं. मग पुढे हुद्दा काय लिहायचा ते सुचेना. धार काढणारी लिहावं तर लोक म्हणतील, मग संचालक काय करतो? म्हणून खोडलं. खोडताना मला काही वाटलं नाही, सरकार. तेच वाईट आहे."

हे सगळे तो एका म्हशीला, साडी नेसून सांगत होता. आकाशवाणीवर त्याचा आवाज तीन जिल्ह्यांत गेला होता. इथे तो गव्हाणीपर्यंतही पोचत नव्हता. मान वर करायची त्याला लाज वाटत होती, म्हणून तो खालीच बघत राहिला, आणि खाली बघता बघता चरवी भरली.

संस्थेतला दिवा हिरवा लागला.

रांगेतल्या लोकांनी फलक पाहिला, धैर्यशीलकडे पाहिले आणि रंगरावने विचारले, "काय गोदाक्का, बरं हाय का?"

"बरं आहे," धैर्यशील म्हणाला.

*

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने गोठा धुतला. जळमटे काढली, ध्वनिक्षेपकांवरची धूळ पुसली, खुंटीवरची तेलकट चिंधी काढून उकिरड्यात टाकली. मनाशी एक ठरवले. डॉक्टरबाईंना खरे काय ते सांगायचे. हे व्यवस्थापन आपले नाही, बासरीचे नाही. यातले काहीच आपले नाही. फक्त आधी प्रमाणपत्र हवे. म्हणजे आधी धार, मग सत्य. हा क्रम त्याला फारसा शोभेना, पण दावणीकडे बघून त्याने तो तसाच ठेवला.

डॉ. सबनीस आल्या. पांढरा कोट, बरोबर दोन मदतनीस, त्यांच्या हातात कॅमेरे. मागून तोडकर, आणि कुंपणावर जवळजवळ गाव. धैर्यशील हिरव्या इरकलीत बाहेर आला तेव्हा कुंपणावर शिट्टी वाजली. पण तो बसला, सरकारच्या कुशीला डोके टेकवले आणि कालच्याच आवाजात पुटपुटू लागला. चरवी भरली. फिरत्या ताणमापकावर हिरवा दिवा लागला. इतका हिरवा, की एक मदतनीस "वा!" म्हणाला.

"विलक्षण!" डॉ. सबनीस म्हणाल्या. "ही कल्पना सुचली कशी?"

धैर्यशील उठला. पदर सावरला. "मॅडम, खरं सांगायचं तर यात माझं काही नाही. माझी बायको रोहिणी—"

"हो, साडी त्यांची ना? म्हणजे दृश्य संकेत. छान. रंग लिहून घ्या, हिरवा."

"नाही, साडीचं नाही. ती त्यांच्याशी बोलते, आणि मी कधी—"

"कापड सुती आहे ना? पोत महत्त्वाचा असतो."

"मॅडम, ऐका तरी! म्हशी तिच्यामुळे—"

"ऐकतेय मी, बोला," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मदतनीसाकडे वळल्या. "काठाचा फोटो घेतलास का?"

ऐकतेय म्हणत न ऐकण्याची ही तऱ्हा धैर्यशीलच्या फार ओळखीची होती. फक्त आजवर तो कायम त्या तऱ्हेच्या दुसऱ्या बाजूला उभा असायचा.

प्रमाणपत्र जागच्या जागी मिळाले. पंधरवड्यात मंडळाचे परिपत्रक निघाले : 'खुपिरवाडी पद्धत'. धार काढणाऱ्या प्रत्येक पुरुषाने हिरवी सुती साडी नेसावी. साड्या संस्थेमार्फत पुरवल्या जातील. परिपत्रकात धैर्यशीलचा फोटो होता. सरकारचे नाव होते, काठाची रुंदी होती. रोहिणीचे नाव नव्हते. तोडकरांनी गठ्ठे उतरवून घेतले, आणि संस्थेसमोर तालुक्यातल्या मिशीवाल्या माणसांची रांग लागली. त्यांतला प्रत्येक जण धैर्यशीलकडे बघून काहीतरी पुटपुटत होता, आणि ते आभार नव्हते.

*

मग तो गडहिंग्लजला गेला. मेव्हण्याच्या सोप्यात सगळ्यांसमोर बसून त्याने काहीही न गाळता सांगितले : इतर, खोडलेले नाव, निऱ्या, गोदाक्का, डॉक्टरबाई, परिपत्रक. सांगताना तो जमिनीकडे बघत होता. मेव्हणा हसून हसून आडवा झाला. रोहिणीच्या मांडीवर बाळ होते. तिलाही हसू आवरेना.

"बाळाचं नाव काय?" धैर्यशीलने विचारले.

"ऋत्विज."

"ऋत्विज," त्याने परत म्हटले, विसरू नये म्हणून. "येशील का घरी? आराखडा फाडलाय मी. नवा तू सांग, मी लिहून घेतो."

रोहिणीने बाळाचे टोपडे नीट केले. "सोमवारी येते. सरकारची आठवण येतेय मला." मग ती एकदम थांबली. "थांबा. हिरवी म्हणजे कुठली नेसलात? ती इरकली? लग्नातली?"

"हो. तीच."

"गोठ्यात?"

"म्हशींना तुझी साडी ओळखीची म्हणून."

"अहो, गोठ्यात साडी कोण नेसतं? शेण लागतं काठाला. लग्नानंतरचं पहिलं वर्ष सोडलं तर साडी नेसून मी गोठ्यात पायसुद्धा ठेवलेला नाही. सरकारने तर माझी साडी कधी पाहिलीच नाही."

धैर्यशीलने पहिल्यांदाच मान वर केली. "मग काय घालतेस?"

"गाऊन. आणि त्यावर तुमचा तो जुना चौकड्यांचा फुल शर्ट. इतकी वर्षं तोच घालतेय रोज, तुमच्यासमोर. त्या वासाला सरावल्यात त्या. म्हशींना तुमचा शर्ट चालतो हो, तुमचं तोंड चालत नाही." तिने बाळ मेव्हण्याकडे दिले आणि पिशवी भरायला उठली. "आहे ना तो जागेवर? खुंटीला?"

शर्ट उकिरड्यात होता.